न जुळलेली कमान : ग्रेस कॉसिंग्टन स्मिथ यांच्या पूलचित्रातील ‘रोमँटिक’ दृष्टीचा विचार

प्रास्ताविक

‘रोमँटिक’ ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळली, तरी तिच्या अर्थाविषयी एकवाक्यता कधीच झाली नाही. कोणी तिला स्वच्छंदतावाद म्हटले, कोणी सौंदर्यवाद, तर कोणी अद्भुतरम्यता. साहित्याच्या चर्चेत या संदिग्धतेने फारसे बिघडले नाही, कारण तेथे संज्ञेमागे कवी आणि कालखंड उभे असतात. चित्रकलेच्या चर्चेत मात्र ती पुष्कळदा केवळ ‘डोळ्यांना सुखावणारे’ एवढ्याच अर्थाने वापरली जाते. त्यातही चित्रकार स्त्री असेल आणि चित्राचा विषय नगरदृश्य असेल, तर ‘रोमँटिक’, ‘काव्यात्म’, ‘तरल’ ही विशेषणे जणू ठरलेलीच असतात. त्यांच्यात कौतुक असते हे खरे. पण विचाराचे श्रेय नाकारण्याची सोयही असते.

ऑस्ट्रेलियन चित्रकर्त्री ग्रेस कॉसिंग्टन स्मिथ (१८९२-१९८४) यांचे ‘द ब्रिज इन-कर्व्ह’ (सु. १९३०) हे सिडनी हार्बर ब्रिजचे चित्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. हे चित्र रोमँटिक आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्यातील रोमँटिकता नेमकी कोठे आहे आणि ती कशाच्या मोबदल्यात साधली आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा शोध घेतला आहे.

पूल : पूर्ण होण्यापूर्वी

चित्राकडे वळण्याआधी पुलाच्या बांधणीची हकिगत पाहणे अगत्याचे आहे, कारण चित्राचा अर्थ तिच्याशी निगडित आहे. सिडनीच्या बंदरावर पूल बांधण्याच्या कामास २८ जुलै १९२३ रोजी आरंभ झाला. मुख्य अभियंता होते जॉन ब्रॅडफील्ड. बांधणीचे कंत्राट १९२४ मध्ये इंग्लंडमधील डॉर्मन लाँग या कंपनीला मिळाले. मुख्य कमानीची उभारणी १९२८ च्या अखेरीस सुरू झाली. कमानीचा गाळा ५०३ मीटरांचा, तर तिचा माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर उंच. बंदरातील जहाजांची ये-जा थांबवून पाण्यात आधाराचे खांब रोवणे शक्य नव्हते. म्हणून दोन्ही काठांवरून कमानीचे दोन अर्धे भाग स्वतंत्रपणे अधांतरी वाढवत नेण्यात आले. प्रत्येक अर्ध्या भागाला मागच्या बाजूने १२८ पोलादी दोरांनी खडकाशी जखडून ठेवले होते. कमानीच्या पाठीवरून पुढे सरकणाऱ्या क्रेन खालच्या तराफ्यांवरून पोलादी भाग उचलून घेत आणि स्वतःच्याच पुढची वाट बांधत जात. दोन्ही बाहू पुरेसे जवळ आल्यावर ते दोर हळूहळू सैल करण्यात आले आणि १९ ऑगस्ट १९३० च्या रात्री दोन्ही भाग एकमेकांना भिडले. वाहतुकीचा पट्टा त्यानंतर टांगण्यात आला. पुलाचे उद्घाटन १९ मार्च १९३२ रोजी झाले.

या तपशिलातील एक बाब कलाविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दोन्ही अर्धे भाग भिडेपर्यंत ती रचना स्थापत्याच्या अर्थाने कमान नव्हतीच. कमान आपला भार दोन्ही टोकांकडे ढकलते आणि त्या दाबावरच उभी राहते. येथे तर ऑगस्ट १९३० पर्यंत मागे ओढून धरलेले, पुढे झुकलेले दोन प्रचंड बाहू तेवढे होते. डोळ्यांना कमान दिसत होती. प्रत्यक्षात ती अजून घडायची होती. कॉसिंग्टन स्मिथ यांची पुलाची गाजलेली चित्रे या अवस्थेतील आहेत.

चित्र

‘द ब्रिज इन-कर्व्ह’ हे पुठ्ठ्यावर टेंपेरा रंगात केलेले सुमारे ८४ बाय ११२ सेंटिमीटरचे आडवे चित्र मेलबर्न येथील नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाच्या संग्रहात आहे. दृष्टिकोन उत्तर काठावरील मिल्सन्स पॉइंट परिसरातला आणि तोही खालून वर पाहणारा आहे. काठावरची जमीन आणि बांधकामे चित्राच्या तळाशी राहतात. त्यांच्यावर पुलाचे दोन अपुरे बाहू परस्परांच्या दिशेने झेपावतात. मध्ये फट आहे. ही फट चित्रातील सर्वांत सक्रिय जागा आहे, हे थोडा वेळ चित्रासमोर घालवल्यावर ध्यानात येते.

याचे कारण आकाशात आहे. नगरदृश्यात आकाश बहुधा पडद्यासारखे मागे सोडलेले असते. येथे ते सुट्या, आखूड, एकमेकांशेजारी मांडलेल्या फटकाऱ्यांनी रचले आहे. फिकट निळ्या आणि पिवळसर छटांचे हे फटकारे पोलादाच्या वळणाला अनुसरून पट्ट्यापट्ट्यांनी पसरत जातात. पाण्यात खडा पडल्यावर उठणाऱ्या वलयांसारखे, पण अधिक शिस्तबद्ध. टेंपेरा लवकर वाळतो. तैलरंगाप्रमाणे तो ओल्यात ओला मिसळून धूसर करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक फटकारा स्वतंत्र राहतो, त्याची कड दिसते. एकेक रिव्हेट ठोकून जसा पूल उभा राहत होता, तसे एकेक फटकारा ठेवून हे आकाश उभे राहिले आहे, असे म्हटल्यास ती केवळ उपमा ठरणार नाही. जे अजून बांधले गेलेले नाही, त्या जागेचेही चित्रकर्त्रीने बांधकामच केले आहे. पोलाद थांबते तेथे प्रकाश पुढचे काम हाती घेतो. फट रिकामी राहत नाही, आणि भरूनही जात नाही.

चित्राची रोमँटिकता शोधायची तर ती येथे सापडते. रंगांच्या कोवळेपणात ती नाही. पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रात बर्क आणि कांट यांनी मांडलेली ‘उदात्ता’ची कल्पना अफाटपणा आणि माणसाची क्षुद्रता यांवर उभी होती; पर्वत, वादळ, समुद्र ही तिची उदाहरणे. एकोणिसाव्या शतकात टर्नर यांनी ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ (१८४४) या चित्रात आगगाडी आणि थेम्सवरील पूल यांना त्या वादळाच्या पंक्तीत बसवले. कॉसिंग्टन स्मिथ त्या परंपरेच्या वारस आहेत. पण त्यांच्या चित्रात भय नाही. जोसेफ स्टेला यांनी १९१९-२० मध्ये रंगवलेल्या ‘ब्रुकलिन ब्रिज’मध्ये पूल पूर्ण आहे, दिव्यांनी झळकणाऱ्या गिरिजाघरासारखा तो पाहणाऱ्यावर दडपण आणतो. सिडनीच्या या चित्रातला पूल दडपण आणत नाही, कारण तो अजून पूर्ण होण्यासाठी कशाची तरी वाट पाहत आहे. सामर्थ्याचे चित्र आणि अपेक्षेचे चित्र यांतला हा भेद आहे.

लय पुरेशी आहे काय?

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराशी परिचित असलेल्या वाचकाला हे चित्र त्या विचाराचे उत्तम उदाहरण वाटेल. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये त्यांनी मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे जवळजवळ पाठ्यपुस्तकी स्वच्छतेने दाखवता येतात. पोलादाचे वळण आणि आकाशातील वलये यांचा संवाद, जड आणि हलके यांचा विरोध, दोन बाहूंचा समतोल. अशी मांडणी चुकीची नाही. वर्गात चित्र समजावून देताना ती उपयोगीही पडेल.

पण ती अपुरी आहे. चित्रातील वस्तू पूल आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला दोन वक्ररेषा आणि त्यांतील मोकळी जागा दिसेल. त्या जागेतला ताण त्याला जाणवणार नाही. वक्ररेषांनी एकमेकींना भेटलेच पाहिजे, असे रेषांचे शास्त्र सांगत नाही. पुलाच्या दोन बाहूंनी मात्र भेटलेच पाहिजे. फटीतील उत्कंठा ही लौकिक ज्ञानातून चित्रात येते आणि चित्राच्या लयीत मिसळते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये सौंदर्यसंकल्पनेला लौकिकतावादी व अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे प्रतिपादन केले. त्यांपैकी एकच ध्रुव धरून या चित्राचा उलगडा होत नाही, हे येथे स्पष्ट होते.

या लौकिक ज्ञानाला एक स्थानिक बाजूही आहे. कॉसिंग्टन स्मिथ सिडनीच्या उत्तरेकडील टरामरा या उपनगरात राहत; घराच्या बागेत त्यांचा स्टुडिओ होता. पूल होण्यापूर्वी त्या बाजूची आगगाडी बंदराच्या उत्तर काठाशीच संपत असे. शहरात जायचे तर तेथे उतरून फेरीबोटीने पाणी ओलांडावे लागे. म्हणजे दोन काठांमधील अंतर ही उत्तरेकडील रहिवाशांची रोजची बाब होती. काठ जोडले जाण्याचे अप्रूप त्यांना जेवढे, तेवढे ते बाहेरून आलेल्या प्रवाशाला असण्याचे कारण नाही. चित्रातील फट ज्यांनी आयुष्यभर बोटीने ओलांडली, त्यांच्यापैकीच एक ती रंगवत होती.

शिस्त आणि श्रद्धा

‘तरल’ या विशेषणाने जे सर्वाधिक झाकले जाते, ते कामाचे स्वरूप. कॉसिंग्टन स्मिथ यांनी अन्तोनिओ दातिलो रूबो यांच्या वर्गात शिक्षण घेतले. रोलंड वेकलिन आणि रॉय द मेस्त्र हे त्यांचे सहाध्यायी. बहिणीला समोर बसवून केलेले त्यांचे ‘द सॉक निटर’ (१९१५) हे चित्र ऑस्ट्रेलियातील पहिले उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्र मानले जाते. पुलाच्या जागी जाऊन त्या रेखाटने करीत, रेखाटनावर चौकटी आखीत, कोठे कोणता रंग यायचा ते शब्दांत लिहून ठेवीत आणि मग स्टुडिओत चित्र सिद्ध करीत. अभियंत्याच्या आराखड्याशी नाते सांगणारी ही पद्धत आहे. क्षणाच्या लहरीवर तेथे फार थोडे सोपवलेले दिसते.

आकाशातील वलयांमागे मात्र एक वेगळा धागाही आहे. बिअट्रिस अर्विन यांच्या रंगविषयक ग्रंथाचा त्यांनी अभ्यास केला होता. रंगांना मानसिक आणि आध्यात्मिक गुण असतात, ही त्या काळी थिऑसॉफीच्या वर्तुळात प्रचलित असलेली धारणा त्या ग्रंथात आहे. लेखिका एथेल अँडरसन यांच्या सहवासाचाही येथे उल्लेख करायला हवा. अँडरसन यांचे पती ब्रिटिश लष्करी अधिकारी होते. त्यांच्यासमवेत त्यांनी भारतात काही वर्षे काढली होती आणि पुढे भारतावर कथाही लिहिल्या. टरामरा येथे स्थायिक झाल्यावर त्यांनी भित्तिचित्रे करणाऱ्या कलावंतांचा एक गट जमवला. सिडनीच्या सेंट जेम्स चर्चमधील मुलांच्या प्रार्थनागृहाची भित्तिचित्रे या गटाने १९२९ मध्ये पूर्ण केली. त्यात कॉसिंग्टन स्मिथ यांचा सहभाग होता. प्रार्थनागृहाच्या भिंती आणि पुलाचे आकाश ही एकाच काळातली कामे आहेत. तेव्हा त्या आकाशातील वलयांत प्रभावळीचा भास होणे निराधार नाही. एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. चित्रातील तेज थिऑसॉफीने ‘समजावून’ दिले की काम संपले, असे मानणारी काही समीक्षा असते. कल्पना चित्रकाराला प्रेरणा देते, फटकारा कोठे थांबवायचा ते सांगत नाही. कॉसिंग्टन स्मिथ यांचा स्वतःचा आग्रह साधा होता. रंगाच्या आत रंग असावा आणि त्यातून प्रकाश यावा, एवढेच त्या सांगत.

चित्राबाहेर राहिलेले

येथवरचे विवेचन चित्राच्या बाजूचे झाले. परंतु ज्या काठावरून हे चित्र पाहिले गेले, त्याच काठावर पुलाच्या मार्गासाठी शेकडो घरे पाडण्यात आली होती. भाडेकरूंना नुकसानभरपाई मिळाली नाही. बांधणीच्या काळात १६ कामगार मरण पावले. पुलात सुमारे ६० लाख रिव्हेट आहेत. ते भट्टीत लाल करून फेकले जात आणि दुसरा कामगार ते बादलीत झेलत असे, खाली पाणी असताना. १९२९ नंतरच्या मंदीत या कामावर अनेक कुटुंबांची चूल पेटत होती, हेही तितकेच खरे. यांपैकी काहीही ‘द ब्रिज इन-कर्व्ह’मध्ये नाही. तेथे पूल कोणी बांधत नाही. तो जणू वाढतो, झाडाच्या फांदीसारखा. चित्राचे सौंदर्य आणि चित्राचा दोष या ठिकाणी एकच आहेत.

हा दोष किती गंभीर, हे ठरवण्यासाठी त्याच पुलावर त्याच वर्षांत काम केलेल्या दुसऱ्या दोन स्त्रियांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. जेसी ट्रेल (१८८१-१९६७) या मेलबर्नच्या अम्लरेखनकार. १९२७ ते १९३२ या काळात त्यांनी पुलाच्या बांधणीची अम्लरेखन-मालिका केली. तिच्यातील नोव्हेंबर १९२९ च्या रेखनाला त्यांनी ‘द अँट्स प्रोग्रेस’, म्हणजे मुंग्यांची वाटचाल, असे नाव दिले. ट्रेल यांच्या ताम्रपटावर सांगाडा काळा, जड आणि क्लिष्ट आहे. त्यावरची माणसे मुंगीएवढी, पण ती आहेत. डॉरिट ब्लॅक (१८९१-१९५१) यांनी पॅरिसमध्ये आंद्रे लोत यांच्याकडे घनवादाचे धडे घेतले आणि सिडनीला परतल्यावर १९३० मध्ये ‘द ब्रिज’ हे तैलचित्र केले. त्यातही कमान अर्धवटच आहे, मात्र बंदर, टेकड्या, घरे आणि पोलाद यांची पातळ्यांमध्ये फेरमांडणी झाली आहे. तेथे पूल हा रचनेचा प्रश्न आहे. तिघींनीही अपुरा पूल निवडला, हा केवळ कालक्रमाचा योगायोग म्हणता येईल. पण ट्रेल यांना त्यात श्रम दिसले, ब्लॅक यांना भूमिती, आणि कॉसिंग्टन स्मिथ यांना येऊ घातलेले काहीतरी.

ट्रेल यांचे काम अधिक सत्यनिष्ठ आहे, असा निर्णय त्यावरून सहज देता येईल. मालिकेच्या स्वरूपामुळे त्यांना वेळ नोंदवता आला, कामाचा क्रम दाखवता आला. पुलाचा इतिहास शिकवणाऱ्याने त्यांच्या रेखनांपासून सुरुवात करावी हे योग्य. तरीही ‘द ब्रिज इन-कर्व्ह’वरचा आक्षेप शेवटपर्यंत टिकत नाही. ज्या पूलचित्रांनी श्रम झाकले, त्यांतील बहुतेकांनी पूर्ण पूल रंगवला; विजयाचे, राष्ट्राच्या प्रगतीचे चिन्ह म्हणून. काम संपल्यावर कामगार अदृश्य होतो, आणि मग चिन्हच उरते. कॉसिंग्टन स्मिथ यांनी काम चालू असतानाचा क्षण धरला. त्यात कामगार दिसत नसला, तरी काम अपुरे असल्याची जाणीव दर फटकाऱ्यात आहे. त्यांच्याच ‘द कर्व्ह ऑफ द ब्रिज’ (१९२८-२९) या थोड्या आधीच्या चित्रात पुलाच्या चढणमार्गाच्या वळणाला प्राधान्य आहे. तेथेही विजय नाही. वळून वर जाणारी, पुढे कोठे पोहोचेल ते न सांगणारी एक दिशा आहे.

स्वागत

समकालीनांना हे पटले नाही. १९३० मध्ये सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनासाठी ‘द ब्रिज इन-कर्व्ह’ नाकारण्यात आले. ज्या शहरात पुलाची छायाचित्रे, मुद्राचित्रे, गौरवलेख यांना तोटा नव्हता, त्या शहरात पुलाचे हे चित्र भिंतीवर लागू शकले नाही. पुढे १९६७ मध्ये ते नॅशनल गॅलरी सोसायटी ऑफ व्हिक्टोरियाने मेलबर्नच्या संग्रहालयाला भेट दिले. सिडनीचा पूल मेलबर्नला गेला, या गोष्टीची गंमत त्या दोन शहरांची जुनी चुरस ठाऊक असणाऱ्यांना कळेल. आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये डॅनिअल टॉमस यांनी कॉसिंग्टन स्मिथ यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरवले ते १९७३ मध्ये. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे मोठे प्रदर्शन २००५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी झाले.

या विलंबाची दोन कारणे सांगितली जातात : चित्र फार आधुनिक होते, किंवा चित्रकर्त्री फार एकाकी होती. दुसरे कारण तपासून घ्यावे लागेल. उपनगरातील घर, बागेतील स्टुडिओ, अविवाहित आयुष्य या तपशिलांवरून एक शांत, जगापासून अलिप्त स्त्री रंगवणे सोपे आहे, आणि एकदा ती रंगवली की तिच्या चित्रातील आकाश ‘स्वप्नाळू’ ठरायला वेळ लागत नाही. वस्तुस्थिती अशी की ही स्त्री गर्दी, स्टेशन, रस्ते, संप आणि युद्ध हे विषय सातत्याने हाताळत होती. १९२० च्या दशकातील तिच्या चित्रांत फेरीबोट गाठण्यासाठी धावणारी माणसे आहेत. पुलाखाली, चौकटी आखलेला कागद घेऊन, यंत्रांच्या गोंगाटात बसण्याची निवड तिने स्वतः केली होती.

मिल्सन्स पॉइंटच्या ज्या काठावर डॉर्मन लाँगच्या कर्मशाळा होत्या, त्या जागी १९३५ मध्ये लूना पार्क हे करमणुकीचे उद्यान उघडले. पुलाच्या पायथ्याशी आज पर्यटक छायाचित्रे घेतात, ती पूर्ण कमानीची. छापील प्रतिकृतींत ‘द ब्रिज इन-कर्व्ह’चा आकार तळहाताएवढा होतो, आकाशातील सुटे फटकारे एकमेकांत मिसळतात आणि उरतो तो निळसर, सुखद धुरळा. चित्राला ‘रोमँटिक’ म्हणून हातावेगळे करणाऱ्यांपैकी अनेकांनी हा धुरळाच पाहिला असणार. मूळ पुठ्ठ्यावर त्या फटीच्या भोवतीचा प्रत्येक फटकारा वेगळा मोजता येतो.